'आनंद' या शब्दाविषयी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



विद्यार्थ्यांच्या गुणगौरवप्रसंगी आम्ही चार शब्द बोलावेत, अशी चिटणिसांची आज्ञा झाली. आम्ही पडलो मॅट्रिकपर्यंत शिकलेले शाळामास्तर. तेव्हा एकाच शब्दाविषयी बोलतो. तो शब्द 'आनंद'.

'नंद्' म्हणजे हर्ष पावणे, या धातूस 'आ' हा उपसर्ग लागून तो सिद्ध झाला. सुख व आनंद आपण एकच समजतो. भाषा तसे समजत नाही. सुख भोगावयाचे असते, आनंद वाटावयाचा असतो. पगार वाढला की सुख होते. शेजाऱ्याचा मुलगा उत्तीर्ण झाल्याचा पेढा खाताना होतो, तो आनंद.

तैत्तिरीय उपनिषदाच्या ब्रह्मानंदवल्लीत आनंदाचे मोजमाप दिले आहे. तरुण, सदाचरणी, अध्ययन केलेला व बळकट असा पुरुष असावा आणि धनाने भरलेली पृथ्वी त्याची असावी. हा मनुष्याचा एक आनंद. आधी अध्ययन, मग धन, हा क्रम ध्यानात घ्यावा. पुढे प्रत्येक पायरीस आनंद शतपट होतो. परंतु वासनेने न ग्रासलेल्या ज्ञानी पुरुषास तो तेथेच लाभतो, असेही तेथे पुन्हा पुन्हा सांगितले आहे.

एवढ्या थोर शब्दाची आपण काय अवस्था केली? लग्नपत्रिकेत तो छापण्यापुरता उरला, आणि 'आनंदीआनंद' हा तर टोमणाच झाला. या अपराधात आम्हीही आहोत. गणितात नापास झालेल्या एका मुलाचे प्रगतिपुस्तक पाहून आम्ही भर वर्गात म्हणालो, "सगळा आनंदीआनंद आहे!" वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून तो मुलगा शाळेत आला नाही. आम्ही दोनदा त्याच्या घरी गेलो. तो परतला नाही. शब्दांचे अर्थ शिकविणे हे ज्याचे काम, त्यानेच शब्दाचा काटा केला. तो आजही आम्हांस सलतो.

आज ज्यांची नावे पुकारली गेली, त्यांचे अभिनंदन. 'अभिनंदन' या शब्दातही तोच 'नंद्' धातू आहे. परंतु ज्यांची नावे पुकारली गेली नाहीत, अशीही मुले येथे मागील रांगांत बसली आहेत. आईबापांनो, आज घरी गेल्यावर त्यांना टोमणा देऊ नका. मंडळाचा पेढा प्रथम त्यांच्या हातावर ठेवा. या शब्दाचा अर्थ त्यांना तेथेच कळेल.