एका शहराचीं दोन चित्रें

घरांतील मूल वाढत असतें, पण रोज पाहणाऱ्या घरच्यांच्या तें लक्षांत येत नाहीं. वर्षाकाठीं एकदां येणारा मामा मात्र उंबरठ्यावरूनच म्हणतो, "अरे, केवढा झालास!" शहराचेंही असेंच आहे. ज्या रस्त्यानें आपण रोज कचेरीला जातों त्या रस्त्यावरचा एखादा जुना वाडा पडतो, त्या जागीं नवी इमारत उभी राहते, आणि सहा महिन्यांनीं तेथें पूर्वीं काय होतें हें आपणांस आठवेनासें होतें. शहरालाही एखादा मामा असावा लागतो. श्रोतेहो, अशाच एका माणसाची हकीकत मी आज आपणांस सांगणार आहें. तो इतिहासकार नव्हता, स्थापत्यविशारद नव्हता. लोकांच्या तसबिरी काढून पोट भरणारा एक धंदेवाईक छायाचित्रकार होता.

त्याचें नांव मिलिताओ आउगुस्तो दि आझेवेदो. त्याचा जन्म १८३७ सालीं ब्राझीलची तत्कालीन राजधानी रिओ दि जानेरो येथें झाला. तरुणपणीं तो नाटकमंडळींत नट होता. १८६२ च्या सुमारास तो साओ पाउलो शहरीं आला आणि तेथें त्यानें छायाचित्रणाचा व्यवसाय पत्करला.

साओ पाउलो म्हटलें कीं आज डोळ्यांपुढें गगनचुंबी इमारतींचें अरण्य उभें राहतें. २०२२ च्या शिरगणतींत त्या शहराची लोकसंख्या १ कोटी १४ लाखांवर गेली. परंतु १८७२ च्या शिरगणतींत हाच आंकडा अवघा ३१,३८५ होता! टेकाडावर वसलेलें, चर्च आणि मठ यांच्या घंटांवर दिवस मोजणारें, कायद्याच्या विद्यालयामुळें विद्यार्थ्यांनीं थोडेंसें गजबजलेलें असें तें एक लहान शहर होतें. तेथील घरें दगडाचीं नव्हतीं, विटांचींही नव्हतीं. लांकडी फळ्यांच्या सांच्यांत ओलसर माती घालून ती धुम्मसानें ठोकून ठोकून घट्ट करावयाची आणि अशा थरांवर थर चढवून भिंत उभारावयाची, ही तेथील जुनी रीत. अशा मातीच्या भिंतींचें आणि कौलारू छपरांचें तें शहर १८६२ सालीं मिलिताओनें आपल्या कांचेवर उतरविलें.

'कांचेवर' हा शब्द मी अक्षरशः वापरीत आहें. त्या काळीं छायाचित्र घेणें म्हणजे एक लहानसें यज्ञकर्मच होतें. कांचेच्या तुकड्यावर कलोडियन नांवाचें चिकट द्रव्य पसरावयाचें, ती कांच अंधारांत रौप्यक्षाराच्या द्रावणांत बुडवावयाची, ओली असतांनाच यंत्रांत घालून चित्र घ्यावयाचें, आणि वाळण्यापूर्वींच तिच्यावर पुढील संस्कार करावयाचे. सारें कांहीं मिनिटांत उरकावें लागे. त्यामुळें रस्त्यावर चित्र काढावयाचें तर अंधारखोलीचा संसारही बरोबर न्यावा लागे. शिवाय कांचेवर ठसा उमटण्यास कित्येक सेकंद लागत. तेवढ्या वेळांत जो स्थिर राहील तो चित्रांत राहील; जो चालत जाईल त्याचा पुसट धूर होईल, नाहीं तर तो मुळींच दिसणार नाहीं. ही गोष्ट आपण ध्यानांत ठेवावी. तिचें काम पुढें पडणार आहे.

या निवांत शहराची झोप मोडली ती कॉफीनें. आंतील पठारावर पिकणारी कॉफी सांतोस बंदरापर्यंत न्यावयाची तर मध्यें सुमारें ८०० मीटर उंचीचा उभा घाट आडवा येई. आपल्या बोरघाटांतून आगगाडी १८६३ सालीं धांवूं लागली. त्याच दशकांत साओ पाउलोच्या या घाटांतही लोहमार्गाचें काम चाललें होतें. तेथें चढ इतका तीव्र होता कीं एंजिनाच्या बळावर गाडी चढेना. म्हणून उतरणीचे चार टप्पे करून, प्रत्येक टप्प्यावर एका जागीं बसविलेल्या वाफेच्या यंत्रानें डबे तारेच्या दोरानें ओढून घेण्याची योजना केली गेली. सांतोसपासून जुंदियाईपर्यंतचा हा १३९ किलोमीटरांचा मार्ग १८६७ सालीं खुला झाला. मिलिताओनें या बांधकामाचींही छायाचित्रें घेतलीं. मग १८७२ मध्यें रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले, आणि त्याच वर्षीं जनावरांनीं ओढावयाच्या ट्राम गाड्या रुळांवरून फिरूं लागल्या. मातीच्या भिंतींच्या जागीं विटांच्या इमारती येऊं लागल्या.

या सर्व काळांत मिलिताओ आपल्या चित्रशाळेंत गिऱ्हाइकांच्या तसबिरी काढीत होता. ज्या चित्रशाळेंत तो काम करी तीच त्यानें १८७५ सालीं स्वतः विकत घेतली आणि दहा वर्षें चालवून १८८५ सालीं बंद केली. त्यानंतर तो युरोपांत जाऊन आला. एवढ्यावर त्याची हकीकत संपली असती तर आज मी त्याच्याविषयीं बोलत नसतों. परंतु परत आल्यावर १८८७ सालीं तो पुन्हां यंत्र घेऊन रस्त्यावर उतरला. पंचवीस वर्षांपूर्वीं ज्या जागीं उभा राहिला होता, शक्य तेथें त्याच जागीं तो पुन्हां उभा राहिला, आणि जुनें चित्र व नवें चित्र शेजारीं शेजारीं ठेवून त्यानें 'साओ पाउलो शहराचा तुलनात्मक आल्बम, १८६२–१८८७' सिद्ध केला.

या आल्बमचें मर्म त्या 'पुन्हां' या एका शब्दांत आहे. १८६२ चें एकटें चित्र पाहिलें तर तें एका जुन्या रस्त्याचें चित्र आहे. १८८७ चें एकटें पाहिलें तर तें नव्या रस्त्याचें. दोन्ही जवळ ठेवलीं म्हणजे मात्र तिसरीच वस्तु दिसूं लागते: तिला आपण काळ म्हणतों. बैठीं घरें जाऊन मजले कोठें चढले, दुकानांच्या पाट्या कोठें आल्या, दिव्यांचे खांब आणि ट्रामचे रूळ कोणत्या रस्त्याच्या वांट्याला आले, हें नुसती नजर डावीकडून उजवीकडे फिरवितांच कळतें. हजार पानांच्या अहवालाला जें सांगतां येत नाहीं तें अशा एका जोडीनें सांगून टाकावें!

तथापि या चित्रांना भाबडेपणानें शरण जाणेंही योग्य नव्हे. त्यांत जें नाहीं तेंही विचारलें पाहिजे. मघाशीं मी म्हटलें कीं चालणारा माणूस कांचेवर उमटत नसे. ब्राझीलमध्यें गुलामगिरी कायद्यानें नष्ट झाली ती १३ मे १८८८ या दिवशीं. म्हणजे या आल्बममधील जुनें चित्र काय आणि नवें काय, दोन्ही गुलामगिरीच्या काळांतलीं. जे हात ओझीं वाहत होते, जे पाय दिवसभर फिरत होते, त्यांना उभें राहण्यास सवड कोठून असणार? म्हणून रस्ते पुष्कळदां ओस दिसतात. तें शहराचें ओसाडपण नव्हे. तो यंत्राचा संथपणा आहे.

सुदैवानें त्याची दुसरी बाजू मिलिताओच्याच चित्रशाळेंत सांपडते. त्याच्या हातच्या १२,००० हून अधिक तसबिरी साओ पाउलोच्या पाउलिस्ता संग्रहालयांत जतन झाल्या आहेत. त्यांत केवळ धनिक आणि विद्यार्थी नाहींत. कृष्णवर्णीय स्त्रीपुरुषही आहेत. लुईस गामा यांची प्रसिद्ध तसबीरही त्याचीच. गामा यांना लहानपणीं त्यांच्या बापानेंच गुलाम म्हणून विकलें होतें. पुढें ते स्वतः कायदा शिकले आणि न्यायालयांत झगडून त्यांनीं शेंकडों गुलामांना मुक्त केलें. मुक्तिदिन पाहण्यापूर्वींच, १८८२ सालीं, ते वारले. परंतु त्यांची ती शांत, थेट आपल्याकडे पाहणारी मुद्रा राहिली आहे. रस्त्यावरच्या चित्रांत जे पुसट झाले असते, ते चित्रशाळेंत स्थिर बसले आणि टिकले.

मिलिताओ १९०५ सालीं निवर्तला. तेव्हां त्याचें जुनें शहर झपाट्यानें नाहींसें होत होतें. कृष्णवर्णीयांच्या धर्मबंधुसंघाचें रोझारिओचें चर्च विसाव्या शतकाच्या आरंभींच पाडलें गेलें. त्यामागून जुनें मुख्य चर्चही गेलें. सम्राज्ञीच्या नांवाचा रस्ता प्रजासत्ताक आल्यावर '१५ नोव्हेंबर' या नांवानें ओळखला जाऊं लागला. पुढें १९२२ च्या स्वातंत्र्यशताब्दीच्या सुमारास पाउलिस्ता संग्रहालयाचे संचालक आफोन्सो तौने यांनीं जुन्या शहराचीं तैलचित्रें करवून घ्यावयाचें ठरविलें, तेव्हां बेनेदितो कालिश्तो आदि चित्रकारांपुढें आधार म्हणून ठेवलीं गेलीं तीं मिलिताओचीं १८६२ चीं छायाचित्रें. रंग अर्थात् चित्रकारांनीं आपल्या मनचे भरले. पण मूळ रेषा त्या ओल्या कांचेवरच्याच.

श्रोतेहो, आपल्याकडे कोणत्याही सार्वजनिक कामाच्या कोनशिलेचें छायाचित्र अगत्यानें घेतलें जातें. त्यांत हार घातलेले पाहुणे स्पष्ट दिसतात. कोनशिला बसण्यापूर्वीं त्या जागीं काय होतें याचें चित्र मात्र क्वचितच सांपडतें. आणि पंचवीस वर्षांनीं त्याच जागीं पुन्हां उभें राहण्याची आठवण तर त्याहूनही विरळा. त्यासाठीं मोठी विद्वत्ता लागत नाहीं, फारसें धनही लागत नाहीं. आपल्या आळीचें, बाजाराचें, नदीच्या घाटाचें जें जुनें चित्र घरांत असेल तें काढावें, त्याच्या पाठीवर स्थळ व साल लिहावें, आणि एखाद्या सकाळीं तें हातांत घेऊन त्याच जागीं जाऊन उभें राहावें. समोर काय उरलें आहे आणि काय गेलें आहे, तें शहर आपण होऊन सांगूं लागेल.