टी-शर्ट फळीवर हलू नये म्हणून



मागच्या बैठकीत आपण लाकडी चौकटीवर जाळी कशी ताणायची ते पाहिले. आज गमाविषयी बोलू. छापताना टी-शर्ट फळीवर धरून ठेवतो तो चिकट पदार्थ म्हणजे गम. गोष्ट दिसायला लहान. पण याच लहान गोष्टीने आम्हाला एका श्रावणात चांगलेच रडवले. ते आधी सांगतो.

२०२२ सालची ही हकिकत. करोनामुळे २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे दहीहंड्यांना परवानगी नव्हती. २०२२ साली पुन्हा परवानगी मिळाली. गोविंदांना उत्साह दांडगा! जो तो पथकाच्या नावाचे टी-शर्ट मागू लागला. आमच्या रायगड जिल्ह्यातल्या छोट्या केंद्रालाही एक काम मिळाले. दोनशे टी-शर्ट, दोन रंग. छातीवर पिवळी हंडी आणि हंडीवर लाल अक्षरे. शर्ट तिरुपूरचे. तमिळनाडूतले हे गाव अशा कापडासाठी प्रसिद्ध आहे. शर्ट पथकानेच आणून दिले होते. खराब झाला तर भरून द्यायचा, असे ठरले होते.

तोवर आम्ही कापडी पिशव्याच छापत होतो. पिशवीचे कापड जाड, ताठ. काम एका रंगाचे. एक बाई पिशवी धरी, दुसरी रंग ओढी. निभत होते. आम्हाला वाटले, टी-शर्टही तसेच होतील.

सकाळी आठला सुरुवात केली. दुपारी जेवायला बसलो तेव्हा एकतीस शर्ट वाया गेले होते. कुठे हंडीला दोन कडा, कुठे लाल अक्षरे हंडीच्या बाहेर, कुठे रंग फासलेला. कोणी कामचुकारपणा केला नव्हता. मग असे का झाले?

पाहा, टी-शर्टाचे कापड हातमागाच्या धोतरासारखे उभ्या-आडव्या धाग्यांचे नसते. त्याची वीण स्वेटरसारखी असते, फक्त फार बारीक. ओढले की लांबते, सोडले की आखडते. त्यावर जाळी ठेवून रबराच्या पट्टीने रंग ओढला की रंग जाळीतून कापडावर उतरतो. पट्टी पुढे सरकते आणि तिच्या मागची जाळी कापडापासून सुटून वर यायला हवी. म्हणूनच जाळी कापडाला टेकवून ठेवत नाहीत. मध्ये दोन-तीन मिलिमीटर फट ठेवतात. पण रंग चिकट असतो. जाळी वर येताना कापडालाही वर ओढते. कापड खाली घट्ट धरलेले नसेल तर तेही उठते, पुन्हा खाली पडते, आणि पडताना केसभर सरकते. झाली कड दुहेरी!

दोन रंग असले की आणखी पंचाईत. पहिला रंग छापल्यापासून दुसरा छापेपर्यंत शर्ट जागचा हलता कामा नये. एकदा फळीवरून उचललेला शर्ट पुन्हा त्याच जागी बसत नाही. कितीही खुणा करा, बसत नाही.

घरी पोळ्या लाटताना पोळपाट सरकू लागला तर बाया काय करतात? खाली ओले फडके घालतात. गमाचे काम तेच. फरक इतकाच की इथे फळी जागेवर असते आणि वरचे कापड धरायचे असते.

त्या दुपारी ज्याने त्याने आपापली अक्कल चालवली. एक वहिनी म्हणाल्या, "टाचण्या लावूया." सूचना अगदीच खुळी नव्हती. राजस्थानात सांगानेरला लाकडी ठशांनी छापणारे कारागीर गादीच्या मेजावर कापड टाचण्यांनीच ताणून बसवतात. पण ठसा वरून टेकतो आणि उचलतो. आपली जाळी टाचणीच्या डोक्यावर घासली तर फाटेल. शिवाय टाचणीने टी-शर्टाची वीण उसवते.

मग कोणीतरी गव्हाच्या पिठाची खळ शिजवून आणली. पतंगाला लावतो तीच. पावसाची हवा, खळ वाळेना. पंख्याखाली एकदाची वाळली, तर शर्ट असा धरून बसली की काढताना ताणला गेला. वर छापलेली हंडी वाकडी झाली आणि पाठीमागे पांढरे पोपडे चिकटले. मुंग्या आल्या त्या वेगळ्याच.

तेव्हा एक काकी बोलल्या, "मास्तर, चिकटून सुकणारं नको. फणसाच्या चिकासारखं पायजे. चिकटतं, पण सुकत नाय." काकींनी नेमके वर्म सांगितले होते. खळ एकदाच चिकटते. आपल्याला मात्र एकदा लावून पुन्हा पुन्हा धरणारे आणि पुन्हा पुन्हा सोडणारे काहीतरी हवे. धरावे इतके की जाळीने ओढले तरी कापड उठू नये. सोडावे इतके की हाताने ओढले तर कापड ताणू नये. केळीच्या पानावरून पानगी कशी सुटते, न मोडता? तसे.

दुसऱ्या दिवशी आम्ही तालुक्याला गेलो. दुकानदाराने स्प्रेचा डबा हातात ठेवला. "दाबा आणि छापा," म्हणाला. खोटे बोलला नाही. दोन सेकंद फवारले की फळी चिकट. शर्ट हलेना. तासाभरात पंचवीस शर्ट झाले. आम्ही खूश!

पण बाहेर धो धो पाऊस. छपाईत पाणी येऊ नये म्हणून खिडक्या लावलेल्या. दर तीन-चार शर्टांनी फवारा मारायचा. तो सगळाच फळीवर बसत नव्हता. थोडा हवेत राही, थोडा जमिनीवर. चपला फरशीला चिकटू लागल्या. मग खोकला सुरू झाला. एकीचे डोके गरगरू लागले. एकीला आधीपासून दम्याचा त्रास. ती धापा टाकत पडवीत जाऊन बसली. आम्ही तिला पाणी दिले आणि काम चालूच ठेवले. हे सांगताना आज लाज वाटते.

आमच्या साक्षरतेच्या वर्गात तेव्हा जोडाक्षरे चालू होती. वर्गातली एक बाई डबा हातात घेऊन अक्षर अक्षर लावत होती. "ज्व... ज्वल... ज्वलनशील. मास्तर, ज्वलनशील म्हणजे काय?"

आम्ही कोपऱ्यात पाहिले. पहिला रंग सुकवण्याचा विजेचा हीटर तिथे लालभडक तापला होता.

डबा सकाळपासून आमच्याच हातात होता. आम्ही वाचला नव्हता. हीटर बंद केला, दारे-खिडक्या उघडल्या, सगळ्यांना बाहेर काढले. पाऊस आत आला तर येऊ दे म्हटले.

स्प्रेच्या डब्यात काय असते ते समजून घ्या. एक म्हणजे गम. दुसरे, गम पातळ ठेवणारे आणि चटकन उडून जाणारे द्रव. तिसरे, त्याला जोराने बाहेर ढकलणारा वायू. हा वायू पुष्कळदा प्रोपेन आणि ब्युटेन यांचा असतो. आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरात असतो तोच. हवेपेक्षा जड. जमिनीलगत साचून राहतो आणि ठिणगी मिळाली की पेटतो. नाकाला रुमाल बांधून भागत नाही. रुमालाने थेंब थोडे अडतात, वाफ अडत नाही.

मग आम्ही पाण्यात मिसळणारा गम आणला. दुधासारखा पांढरा, दाट असतो. लावण्याची रीत सोपी, पण घाई चालत नाही. आधी फळीवर रुंद कागदी चिकटपट्टी लावून घ्यायची, म्हणजे फळी खराब होत नाही. मग चमचाभर गम मधोमध ओतायचा आणि प्लास्टिकच्या पत्त्याने पसरायचा. पातळ, अगदी पातळ. जाड थर दिला की तो आतून ओला राहतो आणि शर्टाला लागतो. वाळता वाळता त्याचा पांढरेपणा जातो. बोट टेकवून पाहायचे. बोट धरले गेले पाहिजे, पण बोटाला गम लागता कामा नये. तसे झाले की फळी तयार. पावसाळ्यात याला वेळ लागतो. पंखा लावायचा आणि तोवर चहा प्यायचा.

शर्ट ठेवताना ताणायचा नाही. सैल ठेवायचा आणि मधून बाहेर तळहात फिरवायचा. ताणून चिकटवलेला शर्ट फळीवरून काढला की आखडतो आणि चित्राला सुरकुती पडते.

शर्टामागून शर्ट छापले की गमावर कापडाची लव बसते आणि त्याची पकड कमी होते. नव्याने गम ओतू नका. ओलसर फडके फिरवा, लव निघते, जरा वाळू द्या, गम पुन्हा धरू लागतो. आमच्या बाया याला "गम जागा करणे" म्हणतात. आमच्याकडे वीस-पंचवीस शर्टांनंतर गम जागा करावा लागतो. हीटरने फळी फार तापली तर गम मऊ पडतो. मग फळी निवेपर्यंत थांबलेले बरे.

सगळ्या कापडांना एकच रीत लागू पडत नाही. खेळाडूंचे चकचकीत पॉलिएस्टर शर्ट असतात ना, ते सुतासारखे गमात रुतत नाहीत, निसटतात. आपल्याला वाटते, गम वाढवावा. तसे करू नका. कापड पातळ, काढताना ताणते आणि आत डाग राहतो. गम तेवढाच पातळ ठेवा, पण दर दहा-बारा शर्टांनी जागा करा. थंडीच्या शर्टांना आतून लव असते. तिथे पाण्याचा गम कमी पडतो. त्यासाठी कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू सोडणारा जाड स्प्रे मिळतो. तो वापरावाच लागला तर फळी सुटी करून बाहेर अंगणात न्या, फवारा फळीवरच मारा, शर्टावर नको, आणि वास गेल्यावर फळी आत आणा. हीटर, विडी, चूल यांच्या जवळपासही नको. पाच-दहाच शर्ट असतील तर दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टीही चालते. महाग पडते, पण वास नाही, वाळवणे नाही.

आणि एक. जुना गम काढायला पेट्रोल किंवा रॉकेल घेऊ नका. पाण्याचा गम असेल तर गरम पाण्यात पिळलेले फडके त्यावर थोडा वेळ घालून ठेवा आणि प्लास्टिकच्या पत्त्याने खरवडा. सुरी लावलीत तर फळीला चरे पडतात आणि ते चरे पुढच्या प्रत्येक शर्टावर उमटतात.

गोविंदांचे काम आम्ही पुरे केले. गोकुळाष्टमीच्या आदल्या रात्री दोन वाजता शेवटचा शर्ट वाळत पडला. खराब झालेल्या शर्टांचे पैसे आम्ही भरले. त्या कामात हाती काही उरले नाही. दम्याच्या बाईंना दोन दिवस खोकला होता. आता त्याच आमच्याकडे गम लावतात आणि दुसऱ्या कोणाला पत्त्याला हात लावू देत नाहीत! स्प्रेचा तो अर्धा डबा आम्ही पुन्हा वापरला नाही.

पुढच्या बुधवारी येताना घरातला एक जुना टी-शर्ट घेऊन या. फाटका असला तरी चालेल. फळी आणि गम आम्ही मांडून ठेवतो. गमाच्या डब्यावर काय लिहिले आहे ते मात्र तुमच्यापैकी कोणीतरी आधी मोठ्याने वाचायचे, मग झाकण उघडायचे.