जुन्या जीपचा शाफ्ट आणि नववीची भूमिती
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



प्रत्येकाने आपापल्या कामाबद्दल दहा मिनिटं बोलायचं, असं संयोजकांनी ठरवलंय. माझं काम गाडीखाली उताणं पडून करायचं असतं, त्यामुळे माईकसमोर उभं राहायची सवय नाही. सांभाळून घ्या. भूमितीचे सर पहिल्याच रांगेत बसलेत, म्हणून विषय त्यांच्याच वर्गातला निवडला आहे. तो माझ्या गॅरेजमध्ये रोज लागतो.

आपल्या डोंगराळ भागात जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह जीप अजून राबतात. महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू केली, आणि त्या घराण्यातल्या गाड्या आजही दूध, खत, पाहुणे, सगळं वाहतात. या जीपला मागे एक आणि पुढे एक असे दोन प्रोपेलर शाफ्ट असतात. इंजिन आणि गिअरबॉक्स चासीला घट्ट बसवलेले, पण चाकांचा एक्सल पाट्यांवर वर-खाली हलणारा. दोघांना जोडणारा दांडा वाकलाही पाहिजे आणि लांब-आखूडही झाला पाहिजे. लांब-आखूड होण्यासाठी त्यात सरकणारा दातेरी जोड असतो, आणि वाकण्यासाठी दोन्ही टोकांना क्रॉस. स्प्रिंगच्या नियमाचा रॉबर्ट हूक आठवतो ना? या क्रॉसच्या जोडालाही त्याचंच नाव आहे.

या क्रॉसमध्ये एक खोड आहे. कोनात फिरताना तो गती जशीच्या तशी पुढे देत नाही. एका फेरीत दोनदा पुढे धावतो, दोनदा मागे रेंगाळतो. हिशेब सांगतो. जुन्या जीपच्या डिफ्रन्शियलचं प्रमाण ५.३८. ताशी ६० किलोमीटरला तिचा शाफ्ट मिनिटाला साधारण २,४०० फेऱ्या घेतो. क्रॉस १५ अंशांत वाकलेला असेल तर शाफ्टचा वेग प्रत्येक फेरीत दोनदा सुमारे २,३२० पर्यंत उतरतो आणि दोनदा २,४८५ पर्यंत चढतो. म्हणजे सेकंदाला ८० झटके. कानाला ती घरघर वाटते, पण क्रॉसच्या सुया, पिनियनचं बेअरिंग आणि गिअरचे दात मार खात असतात.

यावरचा इलाज म्हणजे दुसरा क्रॉस. पहिला जेवढा पुढे धावतो तेवढाच दुसरा मागे ओढतो आणि बाकी शून्य होते. पण त्याला दोन अटी आहेत. शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या योकची शिंगं एका रेषेत हवीत, आणि दोन्ही क्रॉसचे कोन सारखे हवेत. कोन सारखे कधी होतील? ट्रान्सफर केसमधून निघणारा दांडा आणि डिफ्रन्शियलचा पिनियन एकमेकांना समांतर असतील तेव्हा. सर, दोन समांतर रेषा, मधून जाणारा शाफ्ट ही छेदिका, आणि दोन टोकांना व्युत्क्रम कोन! नववीत 'याचा पुढे उपयोग काय' असं विचारणारे आज इथे निदान पाचजण आहेत.

आता आपल्याच एका वर्गमित्राच्या जीपची गोष्ट. तो इथेच बसलाय, नाव सांगू नको अशी खूण करतोय. त्याच्या वाडीवर पावसाळ्यात दुसरी गाडी चढत नाही. बाळंतीण असो, साप चावलेला असो, त्याचीच जीप. ओझ्यासाठी त्याने मागे जादा पाटे घालून घेतले आणि गाडी तीन इंच उचलली गेली. तेव्हापासून वर्षात तीन क्रॉस गेले. प्रत्येक वेळी नवा क्रॉस, एकदा शाफ्टचं बॅलन्सिंगही. तिसऱ्या वेळी चढावर क्रॉस तुटला आणि शाफ्ट खाली पडला. हँडब्रेक ओढला तर गाडी मागेच! कारण या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, तो ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टच्या तोंडाशी असतो. मागचा शाफ्ट सुटला की तो मागच्या चाकांना धरूच शकत नाही. पायाच्या ब्रेकवर उभं राहून, मागच्या लोकांनी चाकाखाली दगड लावले म्हणून निभावलं. आत एक आजारी म्हातारी होती. दुसऱ्या दिवशी हा भंगारवाल्याशी भाव करत होता.

गाडी माझ्याकडे ओढून आणली. मी आधी चारही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावले. शाफ्ट काढायचा म्हणजे हँडब्रेक गेलाच, हे या कामात कधी विसरायचं नाही. आणि गाडी जॅकवर घेतली नाही, एक्सल लोंबकळत असताना घेतलेलं माप खोटं असतं. चाकांवर उभी, नेहमीचं वजन भरलेली, सपाट फरशीवर. मग मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक आणि गवंड्याचा ओळंबा घेतला. शाफ्टच्या तोंडाची चकती दांड्याशी काटकोनात असते, तिच्यावर कोनमापक टेकवायचा आणि दोरा कुठे येतो ते वाचायचं.

ट्रान्सफर केसचा दांडा मागे ३ अंश उतरता होता, शाफ्ट १७ अंश. म्हणजे वरच्या क्रॉसला १४ अंश. पिनियनचं नाकही ३ अंश वर हवं होतं, ते निघालं ९! खालच्या क्रॉसला फक्त ८ अंश. जादा पाटे घालताना कोणीतरी एक्सलखाली पाचर मारून पिनियनचं तोंड वर केलं होतं, शाफ्ट 'सरळ दिसावा' म्हणून. हा मोह मोठमोठ्या मिस्त्रींना होतो. खालचा जोड सरळ झालेला दिसतो, हाताला बरं वाटतं, आणि वरच्या क्रॉसचे झटके खोडून काढणारं कोणी उरत नाही. वर आणखी, शाफ्ट जोडताना दातेरी जोड एक दात चुकवून बसवला होता. त्यावर बाणाच्या खुणा असतात, पण त्या चिखलाखाली गेलेल्या.

पाचर बदलून पिनियन २ अंशांवर आणला. समांतरापेक्षा १ अंश मुद्दाम कमी, कारण चढावर जोर लागला की पाटे पिळतात आणि पिनियनचं नाक आपोआप उचलतं. एक जादा पाटा काढून टाकला, कारण कोन सारखे असले तरी १४ अंश साध्या क्रॉसला जास्तच. आता दोन्हीकडे साधारण ११ आहेत. दात जुळवला, नवे क्रॉस, ग्रीस. सामान धरून जो खर्च आला, तो आधीच्या एका बॅलन्सिंगहून कमी होता.

इथे कोणाकडे जुनी जीप असेल तर दोन गोष्टी लक्षात असू द्या. शाफ्टच्या एका टोकाला दुहेरी क्रॉस असेल तर वरचा नियम लागत नाही, तिथे पिनियनचं तोंड खरोखरच शाफ्टच्या रेषेत हवं. आणि पुढच्या शाफ्टसाठी पाचर मारायची घाई करू नका. पुढचा एक्सल फिरवला की चाकांचा कॅस्टरही बदलतो आणि स्टेअरिंग भटकायला लागतं. काही परदेशी गाड्यांच्या पुढच्या शाफ्टची शिंगं तर कारखान्यातूनच एका रेषेत नसतात, त्या 'सरळ' करू नयेत. आधी त्या गाडीचं पुस्तक बघावं.

त्या जीपला आता तिसरा पावसाळा, क्रॉस तेच आहेत. आज तो तीच घेऊन आलाय, बाहेर वडाखाली उभी आहे. दातेरी जोडावर मी पांढऱ्या रंगाच्या दोन रेघा मारल्यात, एक शाफ्टवर, एक योकवर. जेवणानंतर कोणाला खाली घुसून बघायच्या असतील तर या, पोतं मी आणलंय. सर, तुम्ही मात्र बाहेरूनच बघा, धोतर पांढरंशुभ्र आहे.