कर, कर्ज आणि स्वातंत्र्य



कर आणि आर्थिक विवंचना यांमुळे व्यक्तीचे स्वातंत्र्य संकुचित होते काय, हा प्रश्न व्यापारी समाजात वारंवार चर्चिला जातो. बहुधा तो कर भरणाऱ्याच्या बाजूनेच मांडला जातो. त्याची दुसरी बाजू समजण्यासाठी महाराष्ट्रातीलच एका घटनेचे स्मरण उद्बोधक ठरेल.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली. या सावकारांत मारवाडी व गुजराती व्यापारी पुष्कळ होते. जमावाला मुख्यतः हवी होती ती कर्जाची खते; ती हाती येताच जाळण्यात आली. दंगा पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला, तरी माणसांवर गंभीर हल्ले क्वचितच झाले. रोष कागदावर होता.

याची कारणे दूरची होती. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे हिंदुस्थानातील कापूस महागला आणि शेतकऱ्याला कर्ज सहज मिळू लागले. युद्ध संपताच भाव उतरले. त्याच सुमारास सरकारने काही तालुक्यांत शेतसारा वाढविला. पीक कमी आले तरी सारा रोखीने व वेळेवर भरणे भाग होते. साऱ्यासाठी कर्ज, कर्जासाठी जमीन गहाण आणि हुकूमनामा झाला की तुरुंगाची धास्ती, अशी ती साखळी होती. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने कर्जापायी शेतकऱ्याला अटक करण्यास बंदी केली आणि खतामागचा खरा हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायालयाला दिला.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. भरणाऱ्याची ऐपत न पाहता आकारलेला कर स्वातंत्र्य हिरावून घेतो. परंतु त्या साखळीची एक कडी सरकारी कचेरीत होती, तर दुसरी पेढीवरच्या वहीत होती. व्यापाऱ्याने केवळ पहिल्या कडीविषयी बोलणे न्यायाचे नव्हे.

अवाजवी कर व्यापाऱ्यालाही जाचतो, हेही तितकेच खरे. १९७३-७४ मध्ये दोन लाख रुपयांवरील उत्पन्नावर अधिभारासह ९७.७५ टक्के प्राप्तिकर होता. असे चढे दर करचुकवेगिरीस खतपाणी घालतात, असे वांछू समितीने १९७१ मध्येच सांगितले होते. १९७४ मध्ये कमाल दर ७७ टक्क्यांवर आणण्यात आला. तथापि, दोन वह्या ठेवणारा मनुष्य पैसा वाचवितो आणि झोप गमावतो. दारावरची प्रत्येक थाप त्याला भिववते. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत 'विरुद्धराज्यातिक्रम' गणला आहे, तो उगाच नव्हे. वाजवी कर भरणारा धनाचा एक अंश देतो. चुकविणारा मनाची निर्भयता देऊन बसतो.

श्रावकाचे परिग्रह-परिमाण व्रत हीसुद्धा एक मर्यादाच आहे. पण ती स्वेच्छेने स्वीकारलेली असते, म्हणून ती मुक्त करते. दारिद्र्याची मर्यादा लादलेली असते. ज्याच्या हाती सोडण्याजोगे काहीच नाही, त्याच्या अभावाला अपरिग्रह म्हणणे ही त्याची थट्टा होय. फी भरता न आल्याने शाळा सोडणारे मूल आणि औषधासाठी दागिने गहाण टाकणारी माता यांच्यापुढे निवडीचा मार्गच उरलेला नसतो. म्हणून साधर्मिक भक्ती केवळ जेवणावळीत संपू नये. शिक्षणास साहाय्य, अडचणीत बिनव्याजी रक्कम, घेणाऱ्याचे नाव उघड न करण्याचे सौजन्य आणि पेढीवर ऋणकोला समजेल असा स्वच्छ हिशेब, हे तिचे आजचे रूप होय.

सुवर्णमहोत्सवी वर्षात संस्थेने किती रक्कम जमविली, याची नोंद ताळेबंदात होईलच. त्या रकमेने किती कुटुंबांना पुन्हा निवड करण्याचे बळ दिले, हा तिचा खरा जमाखर्च आहे.

जय जिनेंद्र.