दिसत नाही, म्हणजे नक्की कुठं बिघडलंय?

(पाचोड येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण गेल्या काही वर्षांत आमच्या नात्यात दोघांना मेंदूत रक्तस्राव झाला. दोघंही वाचले, आणि दोघांचीही नजर बिघडली. भेटायला येणारा प्रत्येक जण एकच सांगायचा, "जीव वाचला, अल्लाहचं शुक्र माना." शुक्र मानायचंच. पण पुढचा प्रश्नही विचारायचा: दिसत नाही, म्हणजे नक्की कुठं बिघडलंय?

सीसीटीव्हीचं चित्र गेलं तर आपण कॅमेरा, वायर आणि मशीन वेगवेगळं तपासतो. नजरेचंही तसंच आहे. डोळा चित्र पकडतो, नस ते नेते आणि मेंदूचा मागचा भाग ते समजून घेतो. बिघाड कुठंही होऊ शकतो आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो.

माझे मामू इथलेच, मोसंबीचे व्यापारी. मेंदूच्या रक्तवाहिनीवरचा फुगा फुटला. अचानक भयंकर डोकं दुखलं आणि ते बेशुद्ध पडले. शहरात ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर ते ताटातली भाकरी चाचपडत शोधायला लागले. घरचे म्हणाले, डोक्याचं दुखणं आहे, नजर गेली. सुट्टी देतानाही डोळ्यांविषयी कुणी काही बोललं नाही.

नंतर नेत्रतज्ज्ञांनी बाहुल्या मोठ्या करायचं औषध घालून तपासलं. डोळ्यांच्या आत रक्त भरलं होतं. कवटी हाडाची असते, ती ताणत नाही. आत रक्त सांडलं की दाब एकदम वाढतो. तो दाब नसेच्या आवरणातून डोळ्यापर्यंत पोचतो, पडद्यावरच्या बारीक शिरा तुंबून फुटतात, आणि कधी कधी रक्त डोळ्यातल्या जेलीत पसरतं. जर्मन डॉक्टर मॉरिट्झ लिटन यांनी १८८१ मध्ये याची नोंद केली. पुढे १९०० मध्ये फ्रेंच नेत्रतज्ज्ञ अल्बर्ट टर्सन यांनीही त्यावर लिहिलं, म्हणून याला टर्सन सिंड्रोम म्हणतात. म्हणजे शंभर वर्षांहून जुनी माहिती आहे, पण ती आपल्या घरापर्यंत आलेली नाही.

आत रक्त असल्यामुळं पडदा दिसत नव्हता, म्हणून डोळ्याची सोनोग्राफी केली. पडदा जागेवर होता. एका डोळ्यातलं रक्त काही महिन्यांत आपोआप विरलं. दुसऱ्यातलं हटेना, तेव्हा रक्त मिसळलेली जेली काढायचं ऑपरेशन झालं. त्याला व्हिट्रेक्टॉमी म्हणतात. आज मामू मोसंबीची पट्टी स्वतः वाचतात. सगळ्यांचं इतकं चांगलं होतंच असं नाही. पडद्याला किंवा नसेला इजा झालेली असेल तर नजर कमी राहते. पण तपासल्याशिवाय ते कळणार कसं?

खालाची गोष्ट वेगळी. तिचे डोळे ठणठणीत होते. रक्तस्राव मेंदूच्या उजव्या बाजूला झाला आणि दोन्ही डोळ्यांना डावीकडचं अर्धं दिसेनासं झालं. डावा खांदा दाराला आपटायचा. मराठी पेपर वाचताना ओळीची सुरुवात सापडायची नाही. उर्दू वाचताना सुरुवात सापडायची, पण पुढचा शब्द दिसायचा नाही, कारण उर्दू डावीकडं जाते. लोक म्हणायचे, हिचं चित्त थाऱ्यावर नाही. खरं तर तिचं चित्त थाऱ्यावरच होतं. नजरेचं क्षेत्र मोजल्यावर सगळा उलगडा झाला. हा बिघाड चष्म्यानं जात नाही. मान डावीकडं वळवून बघायची सवय तिला लावली. पानाच्या डाव्या कडेला लाल पट्टी ठेवली, ती दिसेपर्यंत नजर न्यायची. आता ती दोन्ही भाषा वाचते, सावकाश. अशा माणसाला डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय गाडी चालवू देऊ नका. आपल्या गावावरून सोलापूर-धुळे महामार्ग जातो, डावीकडून येणारा ट्रक त्याला दिसणारच नाही.

आता तुमचं काम. घरातला असा रुग्ण शुद्धीवर आला की त्याचा एकेक डोळा झाकून विचारा: काय दिसतं? लाल-काळं धुकं आहे का? एक बाजू गायब आहे का? ही काही तपासणी नव्हे, डॉक्टरांना नीट सांगता यावं एवढ्यासाठी. रुग्ण बोलू शकत नसेल तर तुम्हीच म्हणा, "डोळ्याचा पडदा तपासून घ्या." खर्चाची काळजी असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा, कोणते उपचार बसतात ते विचारा.

आणि मुळाशी जा. मेंदूतल्या रक्तस्रावाचं मोठं कारण म्हणजे वाढलेलं बीपी. ते बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणून लोक गोळ्या सोडतात. मामूंनीही सोडल्या होत्या. रमजानमध्ये तर "रोजा आहे" म्हणून सर्रास सोडतात. रमजानच्या आधीच डॉक्टरांना भेटा. सहरी-इफ्तारप्रमाणे गोळ्यांच्या वेळा बदलता येतील का, रोजा झेपेल का, ते विचारा. आजाऱ्याला रोज्याची सवलत आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको.

बीपी मोजायला दोन मिनिटं लागतात. या आठवड्यात अम्मी-अब्बूंना घेऊन ग्रामीण रुग्णालयात जा, आणि आकडा कागदावर लिहून घ्या.