ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला का ओढते?

ब्रेक दाबल्यावर गाडी डावीकडे ओढली की दोष डाव्या चाकात, असं आपण धरून चालतो. बहुतेकदा उलटंच असतं. डावं चाक चोख काम करतं. उजवं अंग चोरतं.

ब्रेक न लावताही गाडी ओढत असेल, तर आधी टायरमधली हवा आणि अलाइनमेंट तपासा. फक्त ब्रेक लावल्यावरच ओढत असेल, तर पाच-दहा किलोमीटर अधूनमधून ब्रेक लावत चालवा, थांबा आणि पुढच्या दोन्ही चाकांजवळ हात न्या. जवळच हं, लावू नका. डिस्क चांगलीच भाजते. थंड चाकाचा ब्रेक लागत नाही. एखादं वाजवीपेक्षा तापलेलं असेल, तर त्याचा ब्रेक सुटत नाही.

कारण अनेकदा किरकोळ: कॅलिपरच्या पिना गंजून अडकलेल्या. पावसाळाभर अंगणात उभ्या राहिलेल्या गाडीचं हे ठरलेलं दुखणं. पिना साफ करून ब्रेकसाठीचंच ग्रीस लावा. साध्या ग्रीसनं रबर फुगतं. पॅडला तेल लागलं असेल, तर पुसत बसू नका, दोन्ही बाजूंचे पॅड बदला. आणि ब्रेकची रबरी नळी? वरून धडधाकट दिसते, आतून बुजलेली असते. भल्याभल्या मेकॅनिकला ती चकवते.