वेशीपलीकडे माल धाडताना

(पाली येथे भरलेल्या ज्ञातिमेळाव्यातील व्यापार-बैठकीत केलेले भाषण)



चिटणीसांनी मला बोलावयास सांगितले तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी व्याख्याता नव्हे, दुकानदार आहे. परंतु विषय ऐकला आणि नकार मागे घेतला. या विषयात मी ठेच खाल्लेली आहे, आणि ज्याला ठेच लागली त्याने दगड कोठे आहे एवढे तरी मागच्याला सांगावे.

आपली पाली दोन वाटांच्या फाट्यावर वसलेली आहे. एक वाट लांजा, राजापूर करीत थेट गोव्याला जाते; दुसरी नाणीज, साखरपा, आंबा घाट ओलांडून कोल्हापुरास आणि पुढे निपाणी, बेळगावाकडे जाते. श्रीलक्ष्मीपल्लीनाथाच्या कृपेने या दोन्ही वाटांवर आपल्या ज्ञातीच्या घरांनी पिढ्यान् पिढ्या पोट भरले. फाट्यावर दुकान असण्याचा फायदा आपण सारे जाणतो. मात्र त्या दोन्ही वाटा राज्याच्या वेशीला जाऊन भिडतात, याचा विचार आपल्यापैकी किती जण करतात?

वेशीची कटकट आपणांस नवी नाही. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पत्रादेवीपलीकडे पोर्तुगिजांचा अंमल होता आणि गोव्यात माल न्यावयाचा म्हणजे परदेशात नेण्यासारखेच होते. ते गेले. त्यानंतर शहराशहरांच्या जकातनाक्यांवर रात्र काढावी लागे; मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला त्याच दिवशी संपली. त्या वेळी मी स्वतः पेढे वाटले होते. मला वाटले, नाका गेला म्हणजे झडती गेली. पण नाका रस्त्यावरून उठला तो कागदात जाऊन बसला, आणि कागदातला नाका कोठे आडवा येईल याचा नेम नसतो.

आता माझी ठेच सांगतो. तीन वर्षांपूर्वी बेळगावच्या एका व्यापाऱ्यास १,८०,००० रुपयांचे काजूगर धाडले. बीजक केले, सूनबाईने ई-वे बिल काढून दिले, सारे यथास्थित. ट्रक आंबा घाटात बंद पडला. चालकाने दूरध्वनी करून विचारले, "शेट, दुसरी गाडी मिळते आहे, माल पलटी करू का?" मी म्हणालो, "कर बाबा, उशीर नको." एवढेच बोललो आणि जेवावयास बसलो. नव्या गाडीचा क्रमांक बिलाच्या दुसऱ्या भागात, ज्यास 'पार्ट बी' म्हणतात, भरावयास हवा होता. घाटात थांबलेल्या चालकाला ते ठाऊक नव्हते, आणि ज्याला ठाऊक असावयास हवे होते तो आमटीभात खात होता. हद्द ओलांडल्यावर तपासणी झाली. कागदावरची गाडी एक आणि रस्त्यावरची दुसरी! काजूवरील कर ५ टक्क्यांनी ९,००० रुपये, आणि दंड कराच्या दुप्पट म्हणजे १८,००० रुपये. माल चार दिवस अडकला तो निराळाच. गिऱ्हाईकाने तोंडाने काही म्हटले नाही, पण पुढल्या हंगामात त्याची मागणी आली नाही. दंडाचे दुःख मी विसरलो. ते गिऱ्हाईक अजून विसरलो नाही.

अधिकाऱ्यांना मी तेव्हा पुष्कळ बोललो. नंतर कायदा वाचला तेव्हा उमगले की चूक सर्वस्वी माझी होती. कायदा वाटतो तितका निर्दयही नाही. १४ सप्टेंबर २०१८ च्या परिपत्रकात म्हटले आहे की नावाच्या शुद्धलेखनात चूक झाली, गाडीच्या क्रमांकातील एखाददुसरा आकडा चुकला, किंवा पत्ता बरोबर असून पिन कोड चुकला, तर एकूण १,००० रुपयांवर भागते. आपल्या गावाला ही सवलत फार उपयोगी, कारण अष्टविनायकांतील पाली रायगड जिल्ह्यात आहे आणि संगणकावर पाली म्हटले की पुष्कळदा तीच पुढे येते. पण अजिबात न भरलेली दुसरी गाडी ही काही शुद्धलेखनाची चूक नव्हे.

आता काही गोष्टी बारकाईने सांगतो, कारण याच ठिकाणी आपली मंडळी फसतात. परराज्यात जाणाऱ्या करपात्र मालाची किंमत ५०,००० रुपयांवर गेली की ई-वे बिल लागते. ही किंमत करासहित धरावयाची असते. ४८,५०० रुपयांचे काजूगर धाडणारा गृहस्थ समजतो की आपण मर्यादेच्या आत आहोत. त्यावर ५ टक्क्यांचा कर २,४२५ रुपये मिळवा. बेरीज ५०,९२५ झाली आणि गृहस्थ मर्यादेबाहेर गेला! बिलाची मुदत दर २०० किलोमीटरांस एक दिवस अशी असते. घाटात गाडी अडली तर ती मुदतही पाहावी.

ताज्या हापूसवर कर नाही, म्हणून पेट्या भरून गेलेल्या ट्रकास हे बिल लागत नाही. त्याच झाडाच्या आंब्याचा रस काढून डब्यात भरला की मात्र तो करपात्र माल झाला. बाग तीच, झाड तेच, मालकही तोच, पण कायद्याच्या दृष्टीने वस्तू दोन. एकाच ट्रकात निम्म्या पेट्या आणि निम्मे डबे धाडणाऱ्यांनी हा भेद बीजकावर स्पष्ट दाखवावा. ५०,००० ची मर्यादा मोजताना करमुक्त मालाची किंमत वगळता येते.

याहून मोठी गोष्ट नोंदणीची. आपल्यातील बहुसंख्य दुकानदारांनी आपसमेळ योजना पत्करली आहे. हिशेब थोडा, कर थोडा, डोक्याला ताप नाही. ती योजना वाईट नाही. परंतु ती घेणाऱ्यास परराज्यात माल विकता येत नाही, हे किती जणांस ठाऊक आहे? म्हापशाच्या दुकानदाराने दोन खोकी कोकम सरबत मागितले आणि आपण मैत्रीखातर दिले, की नियम मोडला. तसेच वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत म्हणून ज्यांनी नोंदणी केलेली नाही, त्यांची ती सूट राज्याच्या आतल्या विक्रीपुरती आहे. करपात्र माल एकदा परराज्यात विकावयाचा ठरला की उलाढाल एक लाखाची असो वा एक रुपयाची, नोंदणी आधी करावी लागते. हे मी मुख्यत्वे त्या भगिनींसाठी सांगतो ज्या घरी सरबत, लोणची करतात आणि ज्यांचा माल अलीकडे गोव्याच्या दुकानांत मागितला जातो. माल चांगला आहे म्हणूनच मागणी येते. कागदासाठी ती घालवू नये.

आता समुद्रापलीकडे वळतो. ही परदेशची गोष्ट आपणांस काय करावयाची, असे कोणी म्हणेल. पण आपल्या कित्येक कलमांचा आंबा कोणा ना कोणा निर्यातदाराच्या हातून बाहेर जातोच, आणि बाहेर दार बंद झाले की भाव इथल्या बाजारात पडतो. अमेरिकेचे दार आपल्या आंब्यास अठरा वर्षे बंद होते. ते एप्रिल २००७ मध्ये उघडले, तेही फळावर किमान ४०० ग्रे इतका किरणांचा मारा करण्याच्या अटीवर. पहिला माल लासलगावच्या केंद्रात ही प्रक्रिया करून गेला. त्यानंतर युरोपची पाळी आली. २०१३ साली भारतातून गेलेल्या फळभाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशी व तत्सम कीड आढळली, आणि १ मे २०१४ पासून आंब्यासह वांगी, अळू, कारली व पडवळ यांवर युरोपीय संघाने बंदी घातली. १ मे म्हणजे आपला ऐन हंगाम! ती बंदी आंब्यापुरती जानेवारी २०१५ मध्ये उठली. त्यासाठी फळ ४८ अंश उष्णतेच्या पाण्यात तासभर ठेवण्याची पद्धत स्वीकारावी लागली. बागांची नोंदणी 'मँगोनेट'वर होऊ लागली ती त्याच सुमारास. आमच्या एका काकांनी त्या वेळी "आंब्याला आंघोळ घालणारे हे कोण?" म्हणून नोंदणी नाकारली. त्यांच्या शेजाऱ्याने केली. पुढच्या हंगामात निर्यातदार कोणाच्या दारी आला हे सांगावयास नको.

तथापि सर्वांत बोलकी गोष्ट अगदी अलीकडची आहे. ८ आणि ९ मे २०२५ रोजी नवी मुंबईत किरण-प्रक्रिया झालेल्या आंब्याच्या सुमारे पंधरा खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को, अटलांटा या विमानतळांवर अडविल्या गेल्या. फळात कीड सापडली म्हणून नव्हे. पीपीक्यू २०३ नावाचा जो प्रक्रियेचा दाखला लागतो, तो नीट नाही असे तेथील अधिकाऱ्यांचे म्हणणे पडले. माल नष्ट करा अथवा परत न्या, असे सांगण्यात आले. पिकलेला आंबा परत कोण आणणार? तो तेथेच नष्ट झाला, आणि नुकसान सुमारे पाच लाख डॉलरांचे सांगितले गेले. चूक कोणाची हा वाद मी येथे काढीत नाही. झाडापासून विमानापर्यंत सारे उत्तम होते आणि एका कागदावर सारे गेले, एवढेच आपण पाहावे. माझ्या आंबा घाटातल्या गोष्टीचेच ते मोठे रूप आहे.

त्याच वर्षी घरगुती मालासही झळ पोचली. ८०० डॉलरपर्यंतच्या पुड्यांना अमेरिकेत असलेली करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली. आपल्या टपालखात्याने २५ ऑगस्टपासूनच तिकडचे पार्सल घेणे थांबविले आणि सेवा पुन्हा सुरू झाली ती १५ ऑक्टोबरला, दिवाळी आठवड्यावर आल्यावर. लेकी-जावयांना फराळ धाडणाऱ्या आयांची निराशा झाली, आणि ज्यांनी त्या फराळावरच वर्षाची बेगमी मांडली होती त्यांची तर कुचंबणाच. हे नियम पुढेही बदलत राहतील. यास्तव ज्या गृहउद्योगाची सारी विक्री एकाच देशात, तीही एकाच सणाला होते, त्याने एक पाय दुसऱ्या वाटेवर ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग तयारी करावयाची म्हणजे काय? कित्येक जण तयारी म्हणजे मोठी यंत्रे आणि मोठे भांडवल समजतात. माझ्या मते तयारी म्हणजे प्रथम एक वही. युरोपच्या अन्नविषयक कायद्यात २००५ पासून असा दंडक आहे की मालाच्या मागचे एक पाऊल आणि पुढचे एक पाऊल व्यापाऱ्यास दाखविता आले पाहिजे. कोणाकडून घेतला, कोणास दिला. आपल्या आजोबांच्या चोपडीत हे असेच! आपणच ते सोडले. आमच्या घरी आता रसाच्या प्रत्येक घाण्यास क्रमांक देतो: आंबा कोणाच्या बागेतला, कोणत्या दिवशी उतरविला, रस कधी काढला, डबे किती भरले, कोणास गेले. तोच क्रमांक डब्यावर. पहिले दोन महिने घरातून कुरकुर झाली. नंतर एकदा एका दुकानदाराने चार डबे फुगल्याची तक्रार केली. वही उघडली, घाणा सापडला, आणि त्या घाण्याचे उरलेले एकोणीस डबेच काय ते परत मागवावे लागले. वही नसती तर सारा हंगाम परत आला असता.

त्यानंतर अन्न परवाना. त्याचा चौदा आकडी क्रमांक वेष्टनावर असतो हे सर्वांस ठाऊक आहे; पण १ जानेवारी २०२२ पासून तो बीजकावरही लागतो, हे पुष्कळ जण विसरतात. वेष्टनावर घटकपदार्थ जो जास्त तो आधी या क्रमाने लिहावयाचे. साखर रसापेक्षा अधिक असेल तर साखरच आधी येणार. तेथे लाज बाळगून उलटे लिहिणे म्हणजे पुढे अपमान करून घेणे होय. परदेशी धाडावयाचे असेल तर दहा आकडी आयात-निर्यात क्रमांक आधी काढावा, तो काढणे वाटते तितके अवघड नाही. ताज्या फळास वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. आणि 'हापूस' हे नाव २०१८ साली भौगोलिक मानांकनाने रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांचे ठरले आहे. त्या मानांकनाचा लाभ घ्यावयाचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून आपले नाव नोंदवावे लागते. नाव आपले आहे, पण नोंदणी केल्यावाचून ते बाजारात आपल्या कामी येत नाही.

कार्पेटच्या पुडीची सवय असलेल्यांना दोन शब्द. कॅल्शियम कार्बाईडने फळ पिकविण्यास आपल्याच देशात बंदी आहे. परदेशचे सोडा, ते आपल्या मुलाबाळांनाही घालू नये. इथिलीन वायू ठराविक प्रमाणात वापरण्यास मुभा आहे. आढीचे गवत तर कोणी बंद केलेले नाही.

एकेका घराने हे सारे करावयाचे म्हटले तर जीव मेटाकुटीस येईल, हे मला मान्य आहे. ज्याच्या घरी शिकलेली सून किंवा मुलगा आहे त्याचे निभावते. ज्याचे मुलगे मुंबईस आहेत आणि दुकानात म्हातारा-म्हातारी दोघेच, त्याने काय करावे? म्हणून माझी कार्यकारी मंडळास विनंती आहे की ज्ञातिगृहातील पुढची खोली, जी मेळाव्याखेरीज वर्षभर बंद असते, ती मार्च ते जून या हंगामात उघडी ठेवावी. तेथे एक संगणक, एक छपाईयंत्र आणि वस्तू व सेवा कराचे काम जाणणारा एखादा तरुण, रोज संध्याकाळी दोन तास. ज्याने त्याने आपला कागद तेथे तपासून घ्यावा, बागांच्या नोंदण्या एकत्र भराव्या, चालकांना सांगावयाच्या चार गोष्टी छापून गाडीत ठेवाव्या. त्या तरुणाच्या मानधनात पहिल्या वर्षी माझे १८,००० रुपये धरावेत. तेवढी रक्कम मी एकदा आमटीभाताच्या पायी घालविलीच आहे.

घाण्यांची आमची वही मी सोबत आणली आहे. बाहेर तिकिटांच्या मेजावर ठेवली आहे. ज्यांना रकाने उतरवून घ्यावयाचे असतील त्यांनी जेवणाच्या सुट्टीत अवश्य घ्यावेत. बेळगावच्या माणसाचे नाव तेवढे मी खोडले आहे.